सीमाभागातले ब्लॉगवाले कुठे गेले?

मार्कंडेय_काठ (रविवार, सकाळी ९:४०)

दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावर जुनी डायरी सापडली. शेवटच्या पानावर पेनाने लिहिलेले बारा ब्लॉगांचे पत्ते. २००९ ते २०१३ च्या दरम्यान बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इकडून मराठीत ब्लॉग लिहिणारे आम्ही बारा जण होतो. एकमेकांच्या नोंदी वाचायचो, प्रतिसाद द्यायचो, भांडायचो. वर्षातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून चहा-भडंग व्हायचं.

काल एकेक पत्ता उघडून बघितला. चार उघडतच नाहीत. सहा उघडतात, पण शेवटची नोंद २०१२-१४ ची, आणि तीही बहुतेक "बरेच दिवस लिहिणं झालं नाही, आता मात्र नियमित लिहीन" अशी. (ब्लॉगचा मृत्यूचा दाखला याच शब्दांत लिहिलेला असतो.) एक जण अजून लिहितो. बारावा मी. वर्षाला दोन नोंदी, वाचणारे बहुधा मी आणि माझी बायको, त्यातही बायकोचं नक्की नाही.

लोक लिहायचे थांबलेत असंही नाही. ह्या बारातले आठ जण व्हॉट्सअ‍ॅपवर रोज माझ्याशी बोलतात. फेसबुकवर चार ओळी टाकतात, शंभर लाईक घेतात. मग ब्लॉगवर यायला नको का वाटतं? आणि आपण जे दोघंतिघं उरलोय त्यांनी काय करावं? सगळं उचलून फेसबुकवर न्यावं, आहे तिथेच रेटावं, की शटर ओढावं? अनुभव सांगा. "कालाय तस्मै नमः" एवढंच लिहायचं असेल तर ते मीही म्हणू शकतो.

लोंढा_जंक्शन (१०:०२)

कुठे गेले काय विचारताय, सगळे सकाळी सहा वाजता गुलाबाच्या फुलावर "शुभ सकाळ" लिहायला गेले.

शहापूरची_आक्का (१०:५५)

त्या बारांत मी होते हो! पत्ता उघडत नाही त्या चारांतली. ब्लॉगसाठी नेटवर जागा विकत घेतली होती हौसेने, एका वर्षी पैसे भरायचे राहिले आणि कंपनीने सगळं पुसून टाकलं. दोनदा विनवणीचं पत्र घातलं, उत्तर नाही.

माझी मांडे करायची नोंद आठवते का? उपड्या कढईवर मांडा टाकताना हात कसे फिरवायचे ते लिहिलं होतं. हातावर पीठ ताणत न्यायचं, कोपरापर्यंत आलं की झटक्यात कढईवर. गार व्हायच्या आत घड्या. खाली साठ-पासष्ट प्रतिसाद आले होते. घड्या किती घालायच्या यावर निपाणीचे एक आजोबा आणि गोव्याला दिलेली आमच्या गल्लीतली एक मुलगी, दोघं तीन दिवस भांडले. मध्येच कुणीतरी सांगितलं की त्यांच्याकडे साखरेत खसखस घालतात, मग तो वाद वेगळाच पेटला. नोंद माझी, पण शहाणपण सगळं खाली.

गेल्या वर्षी तीच नोंद मला व्हॉट्सअ‍ॅपवर आली. माझ्या सख्ख्या जावेकडून. नाव काढलेलं, वर "पारंपरिक ठेवा, जास्तीत जास्त शेअर करा". मी तिला म्हटलं, अगं हे मी लिहिलंय. ती म्हणाली, असेल, पण फार छान लिहिलंय कुणीतरी.

बेंगळुरूतला_बेळगावी (११:३०)

आक्का, शेवटच्या वाक्याला साष्टांग.

मार्कंडेयभाऊ, "यायला नको का वाटतं" या प्रश्नाला माझं उत्तर: यायचा रस्ताच गेला. आपण बारा जण एकमेकांच्या ब्लॉगवर पायी फिरत नव्हतो. सगळ्यांचं नवं लेखन गूगल रीडरमध्ये एका जागी दिसायचं. १ जुलै २०१३ ला गूगलने तो बंद केला. ऑर्कुटवरच्या कम्युनिटीत आपण लिंका टाकायचो, ते ३० सप्टेंबर २०१४ ला मिटलं. तुमच्या डायरीतल्या ब्लॉगांच्या शेवटच्या नोंदींच्या तारखा बघा, साधारण तिथेच येतात. पुढे सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, घरातल्या प्रत्येकाच्या हातात नेट आलं, पण ते लोक ब्राउझर उघडून नेटवर आलेच नाहीत. थेट व्हॉट्सअ‍ॅपमध्ये उतरले.

फेसबुकवर लिंक टाकू म्हणाल तर जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी जाहीरच केलं की पानांपेक्षा मित्र आणि घरच्यांच्या पोस्टी आधी दाखवणार. बाहेर नेणारी लिंक त्यांना कशाला आवडेल? दुकानदार गिऱ्हाइकाला शेजारच्या दुकानाचा पत्ता सांगत नाही.

हे फक्त आपलं दुखणं नाही. लाइव्हजर्नल नावाची १९९९ पासूनची साइट होती, ब्लॉग आणि समूह एकाच छपराखाली. २००७ मध्ये तिथल्या मालकांनी एका झटक्यात शेकडो खाती निलंबित केली, वर्षअखेरीला साइट रशियन कंपनीला विकली गेली आणि २०१६ मध्ये सर्व्हरही रशियात हलले. गप्पा मारणारी मंडळी गर्दीबरोबर टम्बलर नावाच्या ब्लॉगसाइटकडे, ट्विटरकडे गेली. पण दोन गटांनी वेगळं केलं. एकाने लाइव्हजर्नलच्याच खुल्या सॉफ्टवेअरवर २००९ मध्ये ड्रीमविड्थ उभं केलं, जाहिरात नाही, सभासदांच्या पैशावर चालतं. दुसऱ्याने, म्हणजे आवडत्या पात्रांवर कथा लिहिणाऱ्यांनी, आपलं स्वतःचं भांडार काढलं, तेही देणग्यांवर. टम्बलरने डिसेंबर २०१८ मध्ये नियम बदलले तेव्हा तिथून पुन्हा लोक पांगले, पण कथा भांडारात सुरक्षित. त्यांनी बोलायची जागा आणि ठेवायची जागा वेगळी केली. आपण केली नाही.

निपाणी_नाका (१२:१०)

वरचं सगळं खरं, तरी मी पाण्यात खडा टाकतो.

फार सोन्याचे दिवस होते असं दाखवू नका. मीही होतो तेव्हा. बारा ब्लॉगांना वाचक किती? तेच बारा. मी तुमच्याकडे "अप्रतिम!" लिहायचं, तुम्ही माझ्याकडे "निःशब्द!" लिहायचं. अहो रूपम् अहो ध्वनिः. पाऊस पडला की बारा जणांच्या पावसावर बारा कविता. एकदा मी मुद्दाम एकाच्या कवितेखाली "दुसरं कडवं कळलं नाही" लिहिलं, तर त्याने सहा महिने अबोला धरला.

मला फेसबुकवर जे वाचक मिळाले ते ब्लॉगवर जन्मात मिळाले नसते. तंबाखूच्या वखारीत काम केलेल्या बायकांबद्दल लिहिलं तर त्या बायकांच्या नातवांनी वाचलं आणि आजीला वाचून दाखवलं. ब्लॉगवर कोण आलं असतं? तुम्हीच. आणि म्हणाला असता "निःशब्द".

लोंढा_जंक्शन (१२:१४)

निःशब्द.

शहापूरची_आक्का (१२:२५)

निपाणीवाले, ती आजीवाली पोस्ट मलाही वाचायची आहे. लिंक द्या.

निपाणी_नाका (१२:५८)

अर्धा तास शोधतोय आक्का. २०१७ ची की १८ ची तेही आठवेना. खाली सरकवत सरकवत दोन वाढदिवस, एक लग्न आणि तीन निवडणुका ओलांडल्या. मिळाली की देतो.

(हसू नका. कळलं मला.)

मलप्रभा (दुपारी २:१५)

मी खानापूर तालुक्यात शाळेत शिकवते. तुम्ही सगळे वाचक कुठे गेले म्हणताय, मला वाटतं वाचक तयार होतोय का ते आधी बघा.

माझ्या वर्गातली निम्मी मुलं घरी मराठी बोलतात. त्यांची थोरली भावंडं कन्नड नाहीतर इंग्लिश माध्यमात. देवनागरी ओळखतात, हिंदीमुळे. पण दोन पानं मराठी सलग वाचायची म्हटलं की दमतात. व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीच बोलतात, पण इंग्रजी अक्षरांत. माझा भाचा असा लिहितो की "काळी" आहे की "काली" हे संदर्भावरून ओळखावं लागतं. अशा मुलाला तुमचा आठशे शब्दांचा ब्लॉग म्हणजे शिक्षा. आवाजी निरोप आणि रील हीच त्याची मराठी. ती काढून घेतली तर त्याच्याकडे मराठी काय उरते ते सांगा.

खडेबाजार (२:५०)

मलप्रभाताई, मुद्दा पटतो आणि पोटात गोळाही येतो. टाइप करण्यावरून आठवलं म्हणून थोडं अवांतर.

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ सायबर कॅफे होता. तासाला वीस रुपये. तिथल्या चार नंबरच्या मशीनवर "बरह" टाकलेलं. कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर, पण त्यात देवनागरीही होती. कीबोर्डवर कन्नड अक्षरांचे स्टिकर, मी टंकायचो मराठी. "ळ" साठी कॅपिटल एल. बेळगाव लिहिताना तो एल हमखास चुकायचा आणि "बेलगाव" व्हायचं, मग मालक मागून म्हणायचा, "सर, हे सरकारी बेलगाम बी नव्हे, आमचं बेळगाव बी नव्हे, कुठलं गाव हे?" १ नोव्हेंबर २०१४ ला इंग्रजी नाव बेळगावी झालं तेव्हा मला पहिली आठवण त्याची आली. चार नंबर रिकामं नसेल तर मी कुंदा घेऊन परत यायचो.

वीस रुपये तासाला मोजून लिहिलेलं असायचं, त्यामुळे घरी वहीत आधी कच्चं लिहून न्यायचो. आता फोनवर फुकटात टंकता येतं आणि चार ओळींच्या पुढे जात नाही. याचं खापर कुणा नेटवर्कवर फोडणार?

येळ्ळूरचा_पैलवान (संध्याकाळी ६:२०)

नमस्कार. मी नवीन हाय. मलप्रभा म्हंजे आमची मामी, तिनं लिंक पाठिवली आणि "वाच आणि उत्तर दे" म्हनली. सगळं वाचायला पाऊण तास लागला, पण वाचलं.

मी रील करतो. कॉलेज सुटलं की मी आणि दोस्त. आदी टिकटॉकवर होतो, जून २०२० मदी ते बंद पडलं, सगळं गेलं एका रात्रीत. पुढच्याच महिन्यात इन्स्टावर रील आलं, तिथं परत शून्यापासनं चालू केलं. तुमी म्हंताय तुमचा रीडर गेला, ऑर्कुट गेलं. आमचं बी गेलं की.

आता खरं सांगू काय? तुमच्या बारा ब्लॉगांतले जे उगडतात त्यातले तीन बघितले. भाषा लई भारी हाय. पन ती पुन्याची हाय. "मी निघालो आहे", "तो म्हणाला की". घरात असं कोन बोलतंय? आमी रीलमदी "काय करायलायस गा" म्हंतो, तसंच म्हंतो. आमची आज्जी बगून हसती. दुबईत काम करनारी आपली पोरं खाली लिहित्यात, "भावा, घरची आठवन आली." तुमाला बारा जन वाचायचे, तरी तुमी आपली भाषा लिवली न्हाई. का?

राग मानू नका. मामी मारंल.

बेंगळुरूतला_बेळगावी (६:४१)

गप्प झालो.

निपाणी_नाका (६:५५)

पैलवान, पहिल्याच फेरीत चितपट केलंस की!

मार्कंडेय_काठ (रात्री ८:३०)

पैलवान, राग कसला. तासभर विचार करतोय याच्यावर. खरं उत्तर असं की आम्ही घाबरायचो. आधीच पुण्या-मुंबईचे लोक इथली मराठी ऐकून "तुम्ही कानडी का?" विचारायचे. मायबोली, मिसळपाव या मराठी साइटींवर पहिल्यांदा लिहायला गेलो तेव्हा एकाने माझं "करायलाय" दुरुस्त करून दिलं होतं. त्यानंतर मी शुद्ध लिहायला लागलो. इतकं शुद्ध की आईने एक नोंद ऐकून विचारलं, "हे कुनाचं वाचलास?"

खडेबाजार (८:५२)

एक किंचित बाजू मांडतो. पैलवानाचं ऐंशी टक्के मान्य. पण प्रमाण मराठी लिहिली म्हणून चंद्रपूरच्या माणसाला माझी नोंद कळली. दुबईतल्या पोराला घरची आठवण येते ती घरच्या भाषेने, पण चंद्रपूरकराला आपलं घर दाखवायचं तर चार पावलं त्याच्याकडे जावं लागतं. दोन्ही हवं. संवाद घरचे, निवेदन प्रमाण, हा जुना तोडगा आहे, आपण आळसाने वापरला नाही.

घटप्रभेचं_पाणी (९:२०)

सगळे भाषेवर बोलताय, मी एका माणसावर बोलतो. आपल्या बारांतले खानापूरचे काका आठवतात? रेल्वेतून निवृत्त. लोंढ्याच्या जंगलातले रुळ, रात्रपाळी, गव्यांनी अडवलेली मालगाडी, असं लिहायचे. चार वर्षांपूर्वी गेले. मुलगा परगावी. त्याला ब्लॉग आहे हे माहीत, पासवर्ड माहीत नाही.

आता लक्षात घ्या. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, हे धोरण २०२३ मध्ये आलंय. काकांचा ब्लॉग गूगलच्याच ब्लॉगरवर आहे. अजून उघडतो, काल बघितला. कधीपर्यंत, सांगता येत नाही. मी रात्री बसून एकेक नोंद वेबॅक मशीनमध्ये (नेटवरची जुनी पानं जपून ठेवणारी साइट) साठवायला सुरुवात केलीय. पत्ता चिकटवायचा, बटण दाबायचं, थांबायचं. प्रतिसादांसकट साठतं, हे महत्त्वाचं, कारण मालगाडीच्या नोंदीखाली अजून दोन रेल्वेवाल्यांनी आपापले गवे लिहून ठेवलेत. चाळीसच्या आसपास झाल्या, शंभरावर बाकी. कुणी वाटून घेतं का?

आणि जिवंत असलेल्यांनी दोन कामं आजच करा. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये बॅकअपची सोय आहे, सगळ्या नोंदी आणि प्रतिसाद उतरवून घेता येतात. (फोटो आलेत का बघा, नसतील तर ते वेगळे ठेवा.) दुसरं, गूगल खात्यात निष्क्रिय खात्याची व्यवस्था आहे, अमुक महिने मी फिरकलो नाही तर ह्या ह्या माणसांना कळवा आणि माझा मजकूर द्या, असं लिहून ठेवता येतं. जमिनीच्या उताऱ्याला वारस लावतो, तसं.

शहापूरची_आक्का (९:३३)

काकांच्या वीस नोंदी माझ्याकडे द्या. कसं करायचं ते फोनवर सांगा फक्त. वेबॅक म्हणजे तिथे माझे मांडेही असतील काय हो?

घटप्रभेचं_पाणी (९:३६)

जुना पत्ता कळवा आक्का, बघतो.

मलप्रभा (१०:०५)

संमेलनांचं कुणी काढलं नाही म्हणून मी काढते. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी, सांबरा. आपल्याकडे खेड्याखेड्यांत साहित्य संमेलनं होतात. टीव्ही आला तरी होतात, फोन आला तरी होतात. का? कारण ते वाचकाची वाट बघत बसत नाहीत. ग्रंथदिंडी गल्लीतून फिरते, लेझीमवाली पोरं पुढे, डोक्यावर पुस्तकं घेतलेल्या बायका मागे, आणि दुपारी सगळ्या गावाला जेवण. भाषण न ऐकणाराही मांडवात असतो. आपल्या ब्लॉगाला दिंडी नव्हती. रीडर होता, तो गेला आणि आपण घरी बसलो.

लोंढा_जंक्शन (१०:१२)

आणि जेवणही नव्हतं. भडंगावर किती वर्षं काढणार?

बेंगळुरूतला_बेळगावी (१०:३०)

ताईंचं धरून पुढे. दिंडी म्हणजे आजच्या काळात काय? माझ्या मते व्हॉट्सअ‍ॅपच. शिव्या द्या, पण माणसं तिथे आहेत. ग्रुपमध्ये नको. ग्रुपची मर्यादा २०१६ मध्ये २५६ होती, २०२२ मध्ये ५१२ आणि मग १०२४ झाली, आणि माणसं वाढली तशी फुलंच वाढली. सप्टेंबर २०२३ पासून आपल्याकडे चॅनेल आलेत, तिथे फक्त लिहिणाऱ्याला टाकता येतं. आठवड्याला एकच निरोप: आवाजी वाचन दोन मिनिटांचं, खाली ब्लॉगची लिंक. ज्याला ऐकायचंय तो ऐकेल, ज्याला भांडायचंय तो ब्लॉगवर येईल. लेखन राहील आपल्या जागी. उद्या चॅनेल बंद पडलं तरी फक्त दिंडीचा रस्ता बदलायचा.

निपाणी_नाका (१०:४४)

मी अजूनही म्हणतो फेसबुक सोडू नका. पण पोस्ट आधी ब्लॉगवर टाकायची, मग तिकडे पूर्ण मजकूर चिकटवायचा, नुसती लिंक नाही. लिंक कुणी दाबत नाही. एवढं मी आजपासून करीन. वखारीची पोस्ट अजून मिळाली नाही, यावरून समजा.

येळ्ळूरचा_पैलवान (११:१०)

मी एक विचारू? ते काकांचं मालगाडीचं मी वाचू काय रीलमदी? रेल्वेवाल्यांची भाषा आमच्यासारखीच हाय त्यात, "गवा हालंना गा" असं लिवलंय त्यानी. मागं लोंढ्याचा रूळ दाखवतो. नाव त्यांचंच लावतो.

घटप्रभेचं_पाणी (११:१५)

काकांच्या मुलाला विचारून सांगतो. रुळावर मात्र उभा राहू नकोस, लांबून काढ.

मार्कंडेय_काठ (बुधवार, रात्री ९:००)

धागा वर काढतोय, हिशेब द्यायला.

काकांच्या मुलाशी बोलणं झालं, हो म्हणाला, आणि म्हणाला बाबांचा आवाज असलेली एक कॅसेटही आहे. काकांच्या सगळ्या नोंदी साठवून झाल्या. आक्कांनी वीस घेतल्या होत्या, एकतीस केल्या. बारांपैकी सात जणांना फोन लावला. चौघांनी बॅकअप घेतला, एकाला पासवर्ड आठवत नाही, एकाने "कशाला ते जुनं" म्हणून फोन ठेवला, आणि एकजण लिहायला बसलाय असं त्याच्या बायकोने सांगितलं. फेसबुकवर स्थलांतराचा विचार मी सोडला. चॅनेल रविवारी सुरू करतोय, पहिलं वाचन मलप्रभाताईंचं.

आणि मी काल रात्री एक नोंद लिहिली. संवाद घरच्या भाषेत. आईला वाचून दाखवली. मध्येच थांबवून म्हणाली, "असं न्हवं, मी तसं म्हनलेच न्हवते," आणि सगळं दुसऱ्यांदा सांगितलं. तेच लिहून टाकलं.

घटप्रभेचं_पाणी (९:२५)

आक्का, वेबॅकमध्ये मांडे सापडले! २०११ ची प्रत. फोटो गेलेत, पण नोंद आहे आणि खाली एकावन्न प्रतिसादही आहेत. निपाणीचे आजोबा चार घड्यांवर ठाम आहेत.

शहापूरची_आक्का (९:२८)

देवा! चार? चार नव्हतेच म्हणत ते, तीन म्हणत होते. थांबा, लिंक द्या, मी वाचते आणि येते.